साकेआसीची दोघांपुरती सफर

साकेआसी जमीन मोजणी कचेरीतून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाला, त्याच दिवशी त्याचा चष्मा गेला. चोरीला नव्हे. चोरीला गेला असता तर निदान पोलिसांत तरी जाता आलं असतं. झालं असं, की मेहुणा सत्काराला आला, गळ्यातल्या फुलांच्या माळेचं कौतुक केलं, चेहरा न्याहाळला आणि म्हणाला, "दाजी, चष्मा झकास आहे. मला द्या की!"

आता नात्यातल्या माणसाने तोंड उघडून मागितलं की द्यायचं, ही आमची बेटांवरची रीत. वाडवडिलांनी घालून दिलेली. वाडवडिलांना काय जातंय म्हणा, त्यांच्यात कुणाला चष्मा नव्हता. साकेआसीने चष्मा काढून दिला. मेहुण्याला त्याचा नंबर लागत नव्हता. तो कचेरीच्या पायऱ्या उतरताना दोनदा पडला. पण परत करावा हे त्याच्या मनात आलं नाही, आणि परत मागणं साकेआसीच्या कुळात बसत नव्हतं.

गवत कापायचं यंत्र असंच गेलं होतं. रेडिओ गेला, पाहुण्यांची गादी गेली, मग पाहुण्यांना दिलेली स्वतःची गादी गेली. सूवा शहरातल्या त्याच्या घराला दार होतं, पण दाराला कडी नव्हती. एकदा त्याने बाजारातून मजबूत कडी आणून बसवली, तर संध्याकाळी चुलतभाऊ आला आणि कडीच मागून घेऊन गेला. एका मयताला आलेली माणसं दुसऱ्या मयतापर्यंत राहायची आणि मधल्या काळात कुणी मेलं नाही याबद्दल साकेआसीलाच बोल लावायची.

हे सगळं तो सोसत आला असता. पण एके दिवशी त्याची बायको उनाइसी भलंमोठं पातेलं घासता घासता सहज म्हणाली, "अहो सेरूचे बाबा, सेरू एवढा मोठा होऊन परदेशी गेला, पण आपण दोघांनीच बसून कधी जेवलोय का हो?"

साकेआसीने आठवून पाहिलं. लग्नाच्या पंगतीत ताटात तिसरा हात होता. बाळंतपणानंतर इस्पितळात दोघं एकटी सापडली होती, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईने डबा ओढून घेतला होता. उनाइसी पातेलं घासत राहिली. त्या घासण्याचा आवाज साकेआसीच्या काळजाला लागला. त्याने तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली: चार दिवस. फक्त दोघं. जिथे एकही नातेवाईक पोचणार नाही अशा जागी. आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या जहाजाहून अशी दुसरी जागा कोणती?

निवृत्तीचे पैसे कुणी मागायच्या आत त्याने यासावा बेटांच्या सफरीची दोन तिकिटं काढायचं ठरवलं. सल्ला घेतला फक्त शेजारच्या देवनारायण मास्तरांचा, कारण ते नात्यातले नव्हते.

"साकेभाई, फेब्रुवारीत जा," मास्तर जास्वंदीच्या कुंपणावरून म्हणाले. "निम्म्या भाड्यात काम होतं."

"फेब्रुवारीत पाऊस असतो, मास्तर."

"मग? जहाजाला छप्पर नसतं काय? आणि घरच्यांना सफरीला चाललो म्हणून सांगू नका. सगळी गलबतभर येतील."

"देवळाच्या सभेला चाललो म्हणतो."

"मग तर पोरंबाळं घेऊन येतील. असं सांगा की जुन्या मोजणीची सरकारी चौकशी निघाली, नांदी शहरातल्या कचेरीत जबाब द्यायला बोलावलंय."

हा सल्ला इतका लागू पडला की साकेआसीच्या मनाला जरा लागलंच. बातमी फुटताच घर ओस पडलं. ज्यांनी गाद्या नेल्या होत्या त्यांनी ओळख टाकली. चष्मेवाला मेहुणा समोरून आला तरी पलीकडून जाऊ लागला. अर्थात त्या चष्म्यातून त्याला दिसलं नसेलही. फक्त पाद्रीबाबांनी भर प्रार्थनेत "तुरुंगातल्या बांधवांसाठी" दोन शब्द जास्त घातले आणि साकेआसीकडे पाहिलं. तीस वर्षं एका इंचाचाही घोळ न केलेल्या माणसाला हा अपमान गिळावा लागला. पण प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा.

जहाज जिथून सुटणार होतं, तिथल्याच किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये आदली रात्र काढायची होती. दोघं भर पावसात पोचली. गाडीतून पाय खाली टाकतो न टाकतो तोच गिटारवाल्यांनी स्वागताचं गाणं सुरू केलं, शिंपल्यांच्या माळा गळ्यात पडल्या, आणि एका हसऱ्या मुलीने साकेआसीचा हात हातात घेऊन त्याला इंग्रजीत सावकाश सांगितलं, "आमच्याकडे नमस्काराला 'बुला' म्हणतात. म्हणून बघा बरं. बु... ला."

साकेआसीच्या कमरेला लुंगीसारखा सुलू, पायात सपाता, चेहरा आजोबांच्या फोटोसारखा. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"जमेल, जमेल," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं."

"बुला," उनाइसी खळखळून हसत म्हणाली.

"अय्या! किती पटकन शिकल्या या!"

पुढचा मुक्काम नोंदणीच्या टेबलाशी. तिथे वासेवा नावाची बाई बसली होती. केसांत फूल, आणि त्या फुलाखाली नियमांशिवाय काही नाही.

"देशी माणसांसाठी सवलत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही देशी असल्याचा कागद लागेल."

"कागद? बाई, मी बोलतोय कोणत्या भाषेत?"

"भाषा कुणीही शिकतं. मागच्या आठवड्यात एक जर्मन आला होता, माझ्याहून चांगलं बोलत होता."

"अहो, माझं तोंड बघा!"

"तोंडाला आमच्या रकान्यात जागा नाही."

साकेआसी स्वतः आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसला होता. लोक कागदाशिवाय कसे काय येतात, असं तो कैक वर्षं घरी येऊन बायकोला विचारत असे. आता टेबलाच्या या बाजूने तोच प्रश्न त्याला फारच उर्मट वाटला. तो खुर्चीत जाऊन बसला, पाठ फिरवली आणि पावसाकडे बघू लागला. उनाइसीने हाक मारली, ओ दिली नाही. चहा आला, घेतला नाही.

वासेवाने जरा वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. "देशीच आहेत," ती उनाइसीला म्हणाली. "परदेशी गिऱ्हाईक तक्रार करतं. रुसून बसणारा आपलाच."

सकाळी उठून बघतात तर समुद्र नाहीसा झालेला. म्हणजे असणार तिथेच, पण पावसाने आभाळ आणि पाणी एकत्र कालवून ठेवलं होतं. माड कमरेत वाकून कुणाची तरी माफी मागत होते. पोहायच्या तलावात बेडकांनी परिषद भरवली होती. जेवणघराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'समुद्र खवळल्यामुळे सफर उद्या निघेल.' दुसऱ्या दिवशीही तोच फळा, तोच उद्या. तिसऱ्या दिवशी तर कुणी नवीन लिहायची तसदीही घेतली नाही. लाकडी कपाटातल्या कपड्यांवर हिरवी बुरशी धरली. साकेआसीच्या टोपीत सकाळी एक अळंबी उगवलेली दिसली. दुपारपर्यंत तिला भाऊ झाले. खोटं वाटत असेल तर उनाइसीला विचारा, तिने ती सुपात टाकायचा विचार केला होता.

आता रिसॉर्टवाल्यांना एक मोठी धास्ती असते. पाहुणे कंटाळले की पैसे परत मागतात. म्हणून पावसाच्या दिवसांत त्यांनी करमणुकीला एक माणूस नेमलेला असतो. या माणसाचं नाव एमोसी. कमरेला पानांचा घागरा, तोंडाला काजळी, हातात लाकडी गदा. तो झुडपातून एकदम किंकाळी फोडून बाहेर उडी मारायचा, परदेशी बायका किंचाळायच्या, आणि मग तोच विचारायचा, "चहा घेणार का कुणी?" नारळ सोलून दाखव, टोपल्या विणायला शिकव, खेकड्यांच्या शर्यती लाव, असं त्याचं दिवसभर चालू असायचं.

साकेआसीपुढे त्याने किंकाळी फोडली तेव्हा साकेआसी केळं खात होता. तो हललासुद्धा नाही.

एमोसीने गदा खाली केली. "आपलाच दिसतोस. कुठल्या गावचा?"

हाच तो प्रश्न. याच्या भीतीने साकेआसी तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता. आमच्याकडे माणूस बुडत असला तरी काठावरचा आधी गाव विचारतो आणि मग दोर टाकतो.

"सूवा," साकेआसी म्हणाला.

"सूवा हे गाव नव्हे, पत्ता झाला. गाव कोणतं?"

"शहरातच वाढलो..."

"वूनिदामूचे आहेत हो ते," उनाइसी मधेच म्हणाली. बिचारी खरं बोलायला शिकलेली.

एमोसीने गदा टाकली, दोन्ही हात आभाळाकडे केले आणि आधीच्या सगळ्या किंकाळ्या फिक्या पडतील अशी खरीखुरी किंकाळी फोडली. "वूनिदामू! अरे माझ्या तौवू! अरे खेकडाखाऊ! मी नाकोरोसेईचा!"

साकेआसीच्या हातातलं केळं गळून पडलं.

तौवू म्हणजे काय, ते वूनिदामूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन गावांचा मूळ देव एक असला, की ती गावं एकमेकांची तौवू. मग एकाने दुसऱ्याला वाटेल ते बोलावं, दुसऱ्याचं दिसेल ते उचलावं, डुक्कर मारावं, कोठार रिकामं करावं, समोरच्याने हसायचं. इतर नातेवाईक निदान मागतात तरी. तौवू मागतसुद्धा नाही. आणि यावर जो रागावला त्याचं गावात नाव संपलं. नातवंडांच्या लग्नांत लोक सांगतात, "हा त्या रागावलेल्याचा नातू बरं का."

"देव आमच्याकडून तुमच्याकडे जेवायला म्हणून गेला," एमोसी त्याच्या पाठीत गुद्दा घालत म्हणाला, "आणि तुम्ही त्याला खेकड्याच्या नांग्या चघळायला लावल्यात! बिचारा अजून दात कोरत बसलाय!" असं म्हणत त्याने साकेआसीची छत्री घेतली, बशीतलं सॉसेज खाल्लं, उनाइसीला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

साकेआसी हसला. म्हणजे त्याने दात दाखवले.

त्या दिवसापासून छत्री गेली, मग रेनकोट गेला, मग सफरीसाठी मुद्दाम घेतलेली दुर्बीण गेली. दुपारी खोलीवर यावं तर एमोसी पलंगावर आडवा, काजळी उशीला पुसलेली, आणि म्हणतोय, "ये ये, बस. संकोच करू नकोस, आपलीच खोली समज." उनाइसीला तो माणूस आवडला, हे आणखीनच वाईट.

"अहो, तुम्हीही घ्या ना त्याचं काही," ती म्हणाली. "तुमचाही हक्कच आहे."

"काय घेऊ? घागरा?"

अखेर हक्क म्हणून त्याने एमोसीची छत्री उचलली. ती त्याचीच होती. एमोसीला एवढा आनंद झाला की त्याने सगळ्या जेवणघराला ओरडून सांगितलं, "बघा, माझ्या तौवूने मला लुटलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साकेआसीने पुन्हा दात दाखवले. दातांना आता त्याची सवय होत चालली होती.

पण या सगळ्याहून त्याला एक गोष्ट जास्त झोंबत होती. रोज दुपारी मोठ्या दालनात पाहुण्यांसाठी यांगोनाचा विधी करून दाखवत. यांगोनाची मुळं अर्पण करायची, लाकडी वाडग्यात तिचं पेय कालवायचं, आणि पाहुण्यांतल्याच एकाला सरदार बनवून त्याला पहिली करवंटी द्यायची. सरदार म्हणून रोज कुणीतरी लाल नाकाचा गोरा बसायचा. वाडग्याला बांधलेली कवड्यांची दोरी विधीत सरदाराच्या दिशेने पसरायची असते. इथे ती आइसक्रीमच्या गाडीकडे पसरलेली होती. साकेआसी मागच्या रांगेत बसून रोज जळायचा. स्वतःच्या गावात सरदाराच्या वतीने मुळं स्वीकारायचा मान त्याच्या घराण्याचा. बाप गेल्यापासून तोच ते करत आला होता.

"आइसक्रीमला नमस्कार घालतायत!" तो उनाइसीच्या कानात फुसफुसायचा. "आइसक्रीमला!"

"बघू नका ना मग."

"बघू नको? डोळ्यांदेखत?"

अशात एक दिवस नेमलेल्या गोऱ्या सरदाराचं पोट बिघडलं. एमोसी दालनभर नजर फिरवत आला आणि साकेआसीसमोर थांबला. या वेळी शिवी नाही, गुद्दा नाही. खाली वाकून, मान घालून, हळू आवाजात म्हणाला, "आम्हाला कुठे नीट येतंय? तू जाणता. एकदा दाखव तरी, कसं असतं ते."

सावधपणा कुठे गेला कोण जाणे. साकेआसी उठला. सुलू सारखा केला. चटया उलट्या होत्या, त्या सुलट्या करायला लावल्या. वाडगा फिरवायला लावला. आइसक्रीमवाल्याला दालनाबाहेर काढलं. हसणाऱ्या गिटारवाल्यांकडे असं काही पाहिलं की त्यांनी घागरे गुडघ्यांखाली ओढले. मग तो मांडी घालून बसला, आणि कवड्यांची दोरी सरळ त्याच्याकडे आली. दालन चिडीचूप झालं. परदेशी लोकांनी कॅमेरेसुद्धा खाली ठेवले. पाऊस, मी सांगतो, तेवढ्यापुरता थबकला.

एमोसी मुळांची जुडी घेऊन पुढे आला आणि जुन्या, सरदारी भाषेत बोलू लागला. काय भाषा! साकेआसी थक्क झाला. एक शब्द चुकीचा नाही. त्याच्या गावाचं नाव, घराण्याचं नाव, देवाचं नाव, सगळं जागच्या जागी. छाती भरून आली. भाषण तसंच, त्याच संथ लयीत पुढे सरकलं: "...आमची थोरली आत्या, लोआता. तिच्या नातीचं लग्न यासावाच्या बेटावर. वाऱ्यामुळे छोट्या होड्या बंद. मोठं जहाज तेवढं जाणार. त्या जहाजावरच्या तुमच्या दोन जागा, तौवूंच्या सरदारा, आत्येसाठी आणि तिच्या सोबतीसाठी आम्ही या मुळांनिशी मागतो. मुळं लहान, मागणं लहान, मन तुमचं मोठं."

मग पाहुण्यांकडे वळून तो इंग्रजीत म्हणाला, "आजच्या हवामानाबद्दल बोलतोय."

साकेआसीने सगळं नीट ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. पण स्वीकाराची वाक्यं त्याच्या तोंडात इतकी वर्षं बसलेली होती की भाषण संपताच ती आपली आपण उठून निघाली. हात पुढे झाला, मुळांना लागला, तोंड म्हणालं, "घेतली, मानाने घेतली, मागणं पावलं, माणसं सुखी राहोत," आणि तळहात पोकळ करून तीन टाळ्या वाजल्या. तिसरी टाळी वाजली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. मुळं स्वीकारली म्हणजे मागणं दिलं. याला अपील नाही, फेरतपासणी नाही.

परदेशी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले. मागच्या रांगेत उनाइसी एकटी टाळ्या वाजवत नव्हती.

"हे नाटक होतं!" साकेआसी एमोसीला कोपऱ्यात गाठून म्हणाला. दात दाखवूनच म्हणाला, कारण तौवू. "पाहुण्यांच्या करमणुकीचं नाटक!"

"रोज असतं," एमोसी हात जोडून म्हणाला. "आज तू बसलास आणि ते खरं झालं. दोरी तूच फिरवलीस ना?"

खोलीवर उनाइसी पेटी आवरत होती. "मी काही म्हणत नाहीये," ती म्हणाली. ज्यांची लग्नं झालीत त्यांना पुढचं सांगायला नको.

साकेआसीला आता एकच आसरा उरला: नियम. तो धावत वासेवाच्या टेबलाशी गेला. बाहेरून त्याने जागा आत्येच्या नावावर करायची विनंती केली, आतून ती फेटाळली जावी म्हणून देवाचा धावा केला.

"तिकिटावरचं नाव बदलता येत नाही," वासेवा मान वर न करता म्हणाली.

इतकं गोड वाक्य त्याने अनेक वर्षांत ऐकलं नव्हतं. "नाहीच ना? कडक नियम आहे ना?"

"अगदी कडक."

"शाबास! असेच नियम पाहिजेत देशात. जरा या एमोसीला हे मोठ्याने सांगता का?"

"फक्त जवळच्या नातलगाला देता येतं," वासेवा पान उलटत म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, देशी गृहस्थ आहात. तौवू हे जवळचं नातं की लांबचं?"

साकेआसीने वळून पाहिलं. मागे एमोसी उभा. त्याच्या मागे गिटारवाले, स्वयंपाकी, झाडूवाल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध काठी टेकून बसलेली, एकही दात नसलेली लोआता आत्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. लांबचं म्हणावं, तर वाडवडिलांच्या देवाला लांबचा म्हटल्यासारखं. ते वूनिदामूला कळायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही. जवळचं म्हणावं, तर जहाज गेलं.

"याहून जवळचं नातं नाही," साकेआसी म्हणाला.

"बाळा," लोआता आत्या म्हणाली, "खेकडाखाऊ असलास तरी माणूस चांगला आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र बशीतल्या दुधासारखा निवांत. आभाळ धुऊन वाळत घातलेलं. जहाजाने भोंगा दिला. आत्या जास्वंदीच्या माळा घालून शिडी चढली; मागून चटयांच्या गुंडाळ्या, दालोच्या कंदांची पोती आणि टोपलीत बांधलेलं एक डुक्कर, जे साकेआसीच्या नावाने केकाटत होतं. सोबत म्हणून एमोसी. अंगात साकेआसीचा रेनकोट, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीतून तो धक्क्यावरच्या साकेआसीकडे बघून ओरडला, "इथून अगदी जवळ दिसतोस, तौवू!"

जहाज वळलं. आणि त्याच क्षणी खाडीच्या तोंडातून एकामागून एक छोट्या होड्या बाहेर पडल्या. पहिली, दुसरी, मोजता येईनात इतक्या. माणसांनी, पोरांनी, भांड्यांनी भरलेल्या, गाणी गात चाललेल्या.

"ही कोण मंडळी?" साकेआसीने धक्क्यावरच्या माणसाला विचारलं.

"एमोसीचं गाव. लग्नाला चाललंय. समुद्र निवळला ना."

"छोट्या होड्या बंद होत्या ना?"

"काल होत्या."

"मग आत्याबाईला आज यातून नेता आलं नसतं?"

"आलं असतं की," माणूस म्हणाला. "पण जहाजात पलंग आहे म्हणतात."

तेवढ्यात वासेवाकडून निरोप आला: खोली रिकामी करा, नवे पाहुणे आलेत. म्हणजे जहाज नाही, खोली नाही, आणि घरी जावं तर चौकशीचं काय झालं हे विचारायला सगळे नातेवाईक टपलेले.

उनाइसी पेटीवर बसली होती. ती अजूनही काही म्हणत नव्हती. ते काही न म्हणणं पाहिलं आणि साकेआसीच्या आत जे शिजत होतं ते उतू गेलं. रागवायची बंदी होती ना? ठीक. लुटायची तर नव्हती! त्याने पेटी खांद्यावर टाकली. "चल उठ."

"कुठे?"

"एमोसीच्या घरी. दरोडा घालायला."

माडांच्या रांगेपलीकडे ते गाव होतं. माणूस म्हणून औषधालाही नाही. एमोसीच्या घरात शिरून साकेआसीने सर्वांत चांगली चटई अंथरली, सर्वांत चांगली उशी घेतली, सर्वांत जाड कोंबडा धरला. "हा माझा हक्क आहे!" तो कोंबड्याला म्हणाला. कोंबड्याने बराच प्रतिवाद केला. मग चूल पेटली, दालो उकडले, नारळाचं दूध पिळलं, आणि दोघं बसली.

कुणी आलं नाही. साकेआसी घास हातात धरून दाराकडे बघत होता. कुणी आलं नाही.

मग तो बोलू लागला. चष्म्यापासून सुरुवात केली, गाद्या घेतल्या, कडी घेतली, पाद्रीबाबा, वासेवा, आइसक्रीम, आत्या. उनाइसी ऐकत होती. इतक्या वर्षांत त्याचं एक वाक्य शेवटापर्यंत पोचताना तिने ऐकलं नव्हतं. मधेच कुणीतरी मीठ मागायचं. आता वाक्यंच्या वाक्यं पूर्ण होत होती.

"किती छान चिडता हो तुम्ही," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. मग पुढे?"

पुढचे दिवस असे गेले की सकाळी साकेआसी संतापायचा, दुपारी दोघं झोपायची, संध्याकाळी उनाइसी आपल्या राहिलेल्या तक्रारी काढायची, आणि त्या त्याच्या तक्रारींहून सरस निघायच्या. पुन्हा पाऊस लागला. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. त्यांनी चटई तिसरीकडे सरकवली. कोंबड्यांची संख्या घटत गेली.

आणि एका दुपारी, ताटं नुकती वाढलेली असताना, दारात सावली पडली. एमोसी. मागे काठीवर लोआता आत्या, तिच्या मागे भिजलेलं अर्धं गाव. एमोसीने चुलीकडे पाहिलं, पिसांच्या ढिगाकडे पाहिलं, आपल्या उशीकडे पाहिलं. त्याचे ओठ मागे सरकले आणि दात दिसू लागले.

"तौवू," तो म्हणाला, "घर माझं आहे."

"होतं," उनाइसी म्हणाली. ती उठून दारात उभी राहिली होती, हातात डाव. "तुम्ही आमचं जहाज घेतलंत, आम्ही तुमचं घर घेतलं. आत्याबाई, तुम्ही सांगा, हक्क आहे की नाही?"

"आहे बाई," आत्या म्हणाली. "आहे तर. चल रे एमोसी, शेजारच्यांकडे. लग्नाचं उरलेलं डुक्कर तिकडेच नेऊ."

जेवायच्या वेळी दारावरून कुत्र्याची शेपटी जरी गेली तरी आमच्याकडे माणूस आतून ओरडतो, "या, जेवायला या!" न ओरडणारा माणूस अजून बेटांवर जन्मायचा आहे. साकेआसी तर चांगल्या घराण्यातला. भिजलेली माणसं वळताना पाहिली आणि त्याची मान वर झाली, छाती भरली, तोंड सताड उघडलं.

उनाइसीने कोंबड्याची तंगडी त्यात कोंबली. आख्खी.

गावच्या मानकऱ्याला, मोजणी खात्याच्या माजी मुख्य कारकुनाला, परक्या घरात, स्वतःच्या बायकोने असं गप्प करावं! साकेआसीचे डोळे अपमानाने मोठे झाले. मग तो बाहेर दूर जाणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत तो अपमान चावू लागला, आणि मीठ बरोबर पडलंय हे ध्यानात आल्यावर त्याने हाडसुद्धा सोडलं नाही.